प्रोसेसर, मी आणि छापील अटी

६ फेब्रुवारी

कॉम्प्युटर मी घरीच जोडणार. ठरलं. यात आता बदल नाही.

कारण मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ आज जेवायला आला आणि हात पुसता पुसता म्हणाला, भाऊजी, कशाला डोक्याला ताप, तयार लॅपटॉप घेऊन टाका. लेकीला सिनेमाच्या कोर्सला प्रवेश हवाय. त्यासाठी पाच मिनिटांची फिल्म करून वीस मार्चपर्यंत पाठवायची आहे, आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरला साधं पत्र टाइप करतानाही धाप लागते. हे सगळं मान्य. पण तयार वस्तू घेण्याला मी खरेदी म्हणत नाही, शरणागती म्हणतो. तसं तोंडावर बोललो. मेहुणा म्हणाला, बघा बुवा. तो 'बघा बुवा' मी लक्षात ठेवला आहे.

९ फेब्रुवारी, सकाळी

अभ्यास सुरू. मुद्द्याची गोष्ट प्रोसेसर. तो कॉम्प्युटरचा मेंदू. महागडा मेंदू हौशी लोकांना लागतो. मला स्वस्त पण हुशार हवा. बायको म्हणाली, माझ्यासाठी स्थळ बघताना बाबाही हेच म्हणत होते. कौतुकच असावं.

मला कोणी गंडवू शकत नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. रोज माणसं समोर बसतात आणि म्हणतात, साहेब, हे आम्हाला माहीतच नव्हतं. मी पॉलिसी उलटी करतो, मागच्या छापील अटीवर बोट ठेवतो, दावा नामंजूर. माणसं छापलेलं वाचत नाहीत. जगाची निम्मी दुःखं यातून येतात. आपल्याला तो त्रास नाही.

१५ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहतोय. मिसरूडही न फुटलेली पोरं प्रोसेसर हातात घेऊन तासतासभर बोलतात. शिकण्यासारखं आहे. शेवटी सगळेच ग्राफिक्स कार्डावर घसरतात. ते गेम खेळणाऱ्यांसाठी. आपल्या घरात कोणी गेम खेळत नाही, त्यामुळे तेवढा भाग मी पुढे सरकवतो. वेळ कसा वाचवायचा हेही एक शास्त्र आहे.

एक्सेलमध्ये तक्ता केला. हिरवे चांगले, पिवळे बरे, लाल बाद. संध्याकाळपर्यंत सगळे पिवळे झाले. लेकीने विचारलं, बाबा, नक्की कधी होईल? म्हटलं, घाईत घेतलेला प्रोसेसर जन्मभर छळतो. ती आईकडे बघत हसली. का, ते विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

आज मोठं काम हातावेगळं केलं. जुना कॉम्प्युटर खोलला. त्याचा बाहेरचा डबा, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर नव्याला वापरणार. बाकीचं भंगारवाल्याला दिलं. लेक कॉलेजातून आली आणि रिकाम्या टेबलाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, नवा येईपर्यंत निदान क्लिपा बघता आल्या असत्या. म्हटलं, नवं बांधायचं तर जुनं पाडावं लागतं. ती म्हणाली, हो, पण माणसं आधी राहायची सोय करतात.

हे उलट उत्तर देण्याचं वळण मामाकडून आलंय.

२६ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. लेकीने फिल्मचा विषय बदलला. नियम असा आहे की घरातल्या एका माणसाचं काम दाखवायचं. आधी ती आईवर करणार होती. आता माझ्यावर करणार. बाबा कॉम्प्युटर जोडतोय. मला वाटलंच होतं.

एक अट घातली. शूटिंग करायचं तर खुशाल कर, पण मधे बोलायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत. माझी तंद्री लागते. ती म्हणाली, एक शब्द बोलणार नाही. शहाणी पोर आहे.

संध्याकाळी मिशी कोरून आणली.

२ मार्च

प्रोसेसर घेतला! सोबत मदरबोर्ड आणि रॅमही. आणि कसा घेतला ते लिहून ठेवतो.

दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. प्रोसेसर तोच, वेग तोच, कंपनी तीच. एक स्वस्त. मी म्हटलं, फरक काय? तो म्हणाला, तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे ना, मग हा घ्या. म्हटलं, मी गेम खेळत नाही. तो काही तरी सांगायला लागला, पण महागडा डबा गळ्यात मारण्याची ही सुरुवात मी चांगली ओळखतो. हात वर करून थांबवलं. तो म्हणाला, तुमची मर्जी, पण डबा वाचून घ्या, फोडल्यावर परत घेत नाही. मी कुठल्या खात्यात काम करतो ते त्याला सांगितलं. लगेच बिल फाडलं.

लेक कॅमेरा धरून मागे उभी होती. तिनेही हे पाहिलं, ते बरं झालं. बाप व्यवहारात कसा आहे हे मुलांना कळायला हवं.

५ मार्च, दुपारी

जोडणी. टेबलावर पांढरी चादर अंथरली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. लेकीचा कॅमेरा सुरू. मी प्रोसेसरचा डबा छातीशी धरून दोन शब्द बोललो. आयत्या वेळी सुचले तरी वजनदार होते. मग प्रोसेसर खाचेत बसवला, त्यावर तो थंड ठेवणारं मलम लावलं, वर पंखा. मदरबोर्डला मॉनिटर जोडायची जागाही आहे, त्यात वायर खोचली. सगळं जिथल्या तिथे.

बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. बायकोने टाळ्या वाजवल्या.

स्क्रीन काळी. पहिल्या खेपेला वेळ लागतो.

५ मार्च, संध्याकाळी

अजून काळीच.

८ मार्च

चूक मॉनिटरची आहे. शेजारच्यांचा मॉनिटर आणून लावला, तोही काळा. म्हणजे चूक वायरची. नवी वायर आणली. म्हणजे चूक रॅमची. रॅम काढून खोडरबराने घासली, परत लावली. पंखा मात्र झकास फिरतो. एवढा शांत पंखा मी पाहिलेला नाही.

मेहुण्याचा फोन आला. बायकोने सांगितलं, सुरू झालाय, फक्त दिसत नाही. हे वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

१२ मार्च

लेक मामाकडे गेली. पेन ड्राइव्ह आणि चार कपडे घेऊन. फिल्म तिथे त्याच्या लॅपटॉपवर करणार. मी म्हटलं, दोन दिवस थांब, मदरबोर्ड सदोष आहे हे आता जवळपास सिद्ध झालंय. ती म्हणाली, बाबा, तू महिनाभर दोन दिवसच सांगतोयस. रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.

वाईट वाटलं. खूपच. पोरीच्या प्रवेशाचा प्रश्न आहे आणि ती बाप सोडून मामाच्या टेबलावर बसली आहे. पण माघार नाही. मदरबोर्डच्या कंपनीला कडक शब्दांत लिहिलं.

१९ मार्च

फिल्म तयार झाली. मेहुण्याने आम्हाला जेवायला बोलावलं. जाणार नव्हतो, पण नायकच नाही म्हटल्यावर बरं दिसलं नसतं.

त्याच्या भिंतीएवढ्या टीव्हीवर लावली. सुरुवात छान. मी दुकानात हात वर करून दुकानदाराला थांबवतो. मी चादर अंथरतो. मग मी डबा छातीशी धरतो आणि म्हणतो, माणसं छापलेलं वाचत नाहीत, तिथेच त्यांचा घात होतो. आणि कॅमेरा हळूहळू डब्याजवळ जातो. माझ्या अंगठ्याच्या अगदी वर ठळक अक्षरांत छापलंय, सूचना, या प्रोसेसरला स्क्रीनवर चित्र दाखवता येत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणं आवश्यक.

कॅमेरा तिथे थांबला. बराच थांबला. सगळ्यांचं वाचून झालं.

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी लेकीला विचारलं, तुला हे दिसलं होतं? ती म्हणाली, हो. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तूच सांगितलंस, मधे बोलायचं नाही. आणि शिवाय बाबा, मला वाटलं तू ते वाचूनच बोलतोयस.

मेहुणा हसला नाही. उठला, माळ्यावर चढला, आपल्या जुन्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड काढून फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाला, भाऊजी, पडूनच होतं. हसला असता तर बरं झालं असतं.

२० मार्च

फिल्म वेळेत गेली.

कार्ड लावलं. स्क्रीन लागली. मदरबोर्ड, वायर, मॉनिटर, रॅम, सगळं ठणठणीत निघालं. म्हणजे जोडणी पहिल्या दिवसापासून अचूक होती, हे कोणी लक्षात घेत नाही. मदरबोर्डच्या कंपनीचं उत्तर आलंय, ते उघडलेलं नाही.

२७ मार्च

ऑफिसात एक गृहस्थ आले. साहेब, ही अट आम्हाला माहीतच नव्हती. मी पॉलिसी उलटी केली, बोट ठेवलं आणि पुन्हा उचललं. मग वरच्या साहेबांकडे शिफारस पाठवली की अट बारीक टाइपात आहे, दाव्याचा सहानुभूतीने विचार व्हावा. साहेबांनी बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

डब्यावरचा टाइप बारीक नव्हता. पण ते साहेबांना सांगण्याचं कारण नाही.

४ एप्रिल

लेकीला प्रवेश मिळाला! मामाने बक्षीस म्हणून आपला लॅपटॉप तिलाच देऊन टाकला. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरवर सध्या मीच बसतो. एक्सेल फार वेगात उघडतं.

मुलाखतीत काय विचारलं, ते खोदून खोदून विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाली, सरांनी विचारलं, वडिलांचं काम केलेले गृहस्थ कुठल्या नाटकात असतात? ती म्हणाली, ते माझे खरेच बाबा आहेत. सर म्हणाले, बरं, पण ते डब्याचं वाक्य त्यांना लिहून कोणी दिलं? ती म्हणाली, कोणी नाही सर, ते घरीही असेच बोलतात.

मी विचारलं, मग सर काय म्हणाले?

पोट धरून हसले म्हणे आणि यादीत तिचं नाव लिहिलं.

म्हणजे प्रवेश माझ्यामुळेच मिळाला. मेहुण्याला कळवलं. तो म्हणाला, बघा बुवा.