तांबडी रेघ, निळी रेघ

८ ऑक्टोबर

माझी सायकल गेली. सकाळी कारखान्याच्या फाटकाशी कुलूप घालून लावली होती. दुपारी दोनला बाहेर आले तर नुसतं कुलूप, तेही कापलेलं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मी इथेच होतो." इथेच होता हे खरं. झोपला होता हेही खरं.

चालत घरी यायला पाऊण तास लागला. अण्णांनी पेपरातून डोकं वर न काढता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सकाळी माझी नेत जा. मला दुपारशिवाय लागत नाही."

वडिलांची सायकल! चाळीस वर्षं तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही.

९ ऑक्टोबर

पाय पेडलला पुरेनात. अण्णा सहा फुटी, मी त्यांच्या खांद्याला. सीट चार बोटं खाली घ्यावी लागली.

संध्याकाळी अण्णांनी ब्रश काढला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हौस काही जात नाही. सीटच्या दांड्यावर दोन रेघा ओढल्या. वरची तांबडी, त्यांची. खालची निळी, माझी. केसाइतक्या बारीक आणि अगदी सरळ.

ठरलं असं: सकाळी मी खाली घ्यायची आणि कामावर जायचं. अडीचला सायकल घरी. तीनला अण्णा वर घेणार आणि पुलापलीकडच्या वाचनालयात जाणार. साडेचारला परत.

१९ ऑक्टोबर

रस्ताभर पानं. कोरडी असतात तोवर बरं, भिजली की चाक सटकतं. वळणावर ब्रेक लावायचा नाही, हे आता पाठ झालंय.

अण्णांना डॉक्टरकडे नेलं. गुडघे. डॉक्टर म्हणाले, काठी वापरा. अण्णा म्हणाले, "काठी कुत्री हाकलायला." डॉक्टर हसले. मी नाही हसले, असली उत्तरं मी त्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकत आलेय, कधी छत्रीबद्दल, कधी चष्म्याबद्दल.

"सायकल चालवता ना अजून? मग ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.

२ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं. कंपनी दुसऱ्या गावात नवा कारखाना काढतेय. तिथली तपासणी माझ्याकडे देणार. हाताखाली सहा जणी. आज सोळा वर्षं चष्म्याच्या काचा उजेडात धरून चरे शोधतेय, पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, पुढे काय. गाडीनं चार तासांचा रस्ता. १४ जानेवारीला हो की नाही सांगायचं.

मला जायचंय. इथे तरी खरं लिहावं. फार जायचंय.

अण्णांना सांगितलं. "जा की," म्हणाले, आणि मीठ मागितलं.

दादाला फोन केला. दादा म्हणजे थोरला भाऊ, लांबून सल्ले देणारा. म्हणाला, "अण्णांचं काय टेन्शन घेतेस? सत्तरी उलटली तरी सायकल मारतोय माणूस." मीही मनात हेच म्हणत होते. दादानं म्हटल्यावर जास्त बरं वाटलं.

नवी सायकल आता घेत नाही. जायचंच असेल तर इथे कशाला?

१४ नोव्हेंबर

धुकं. पुलावरचा दिवा पुलावर पोचल्यावरच दिसतो. हातमोजे काढल्याशिवाय सीटचा खटका उघडत नाही आणि हातमोजे काढले की बोटं माझी राहत नाहीत. रोज सकाळी सहाला हाच कार्यक्रम.

शेवटी बोलले. "अण्णा, संध्याकाळी आलात की खाली करून ठेवत जा ना. माझे हात गारठतात."

"माझी सायकल, माझी उंची."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. खूप वेळ भांडी आपटली.

२३ नोव्हेंबर

दिवसभर बारीक पाऊस. अण्णांच्या कोपराला सोललंय. "जिन्यात घासलं." आयोडीन लावताना हूं की चूं केलं नाही.

२७ नोव्हेंबर

कमाल झाली. आज तिसरा दिवस, सकाळी सीट निळ्या रेघेवर! आधी वाटलं, अण्णा गेलेच नसतील. पण नाही. अण्णा दुपारी जाऊन आलेत, मडगार्डवर ताजा चिखल आहे, म्हणजे आल्यावर खाली करून ठेवतात.

चहा देताना म्हटलं, "सीट खाली ठेवलीत. बरं झालं."

कपात बघत म्हणाले, "हं. तुझे हात गारठतात ना."

या माणसाकडून एवढं म्हणजे फार झालं. दिवसभर उगीचच खूश होते. शेजारच्या टेबलावरचीनं विचारलंसुद्धा, "काय गं, आज गालात हसतेस?" सांगण्यासारखं काही नव्हतं. वडिलांनी सीट खाली केली, हे काय सांगायचं?

३ डिसेंबर

अण्णांना लोकरीचे हातमोजे आणले. "कशाला?" म्हणाले. घालून गेले.

हल्ली साडेपाच होतात त्यांना यायला. वाचनालयात गप्पा रंगतात म्हणे. चांगलं आहे, मी गेल्यावर माणसं हवीतच.

१० डिसेंबर

रस्त्यावर बर्फाची पातळ साय. उतरून, सायकल हातात धरून पूल ओलांडला. कामावर वीस मिनिटं उशीर. सगळ्यांनाच झाला.

१८ डिसेंबर

ब्रेक आवळायला सायकलवाल्याकडे गेले. वाचनालयाच्या रस्त्यावर त्याचं दुकान. अण्णांचा जुना दोस्त, पण आज तोंड फुगलेलं.

"अण्णांनी दुसरा मिस्त्री धरलाय का?"

"नाही हो. का?"

"मग पंक्चर कुठे काढतात? महिना झाला, रोज सायकल हातात धरून दुकानावरून जातात. मी ओरडतो, अण्णा, पंक्चर का? हो म्हणतात आणि पुढे जातात. मी त्यांचं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, रोज कुणाचं पंक्चर होतं? तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बघत असाल. त्यावर तो आणखी रुसला. "तीस वर्षं ओळखतो मी त्यांना."

घरी येऊन अण्णांना सांगितलं, तुमचा सायकलवाला रागावलाय. म्हणाले, "त्याला दिसत नाही हल्ली. तुझ्या कंपनीचा एखादा चष्मा दे." दोघंही हसलो. अण्णा जरा जास्त वेळ हसले.

३० डिसेंबर

थंडी. काही विशेष नाही. जाण्याच्या सामानाची यादी केली, परत फाडली. अजून हो कुठे म्हटलंय?

८ जानेवारी

लिहायला बसून अर्धा तास झाला.

दाढ दुखत होती. अडीचला सायकल घरी ठेवली आणि बसनं दातांच्या डॉक्टरकडे निघाले. बस पुलाच्या चढावर रेंगाळली. खिडकीतून अण्णा दिसले.

सायकलवर नव्हते. सायकलच्या बाजूनं चालत होते. डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकलेला. एक दिव्याचा खांब आला की थांबायचे. मग पुढच्या खांबापर्यंत. माझ्या उंचीची सीट त्यांच्या हाताला बरोबर येते. मी दिलेले हातमोजे घातले होते.

चाकात हवा टणटणीत. पंक्चर कसलं!

सीट कुणी खाली करून ठेवत नव्हतंच. ती वर घेतलीच जात नव्हती. कोपर जिन्यात घासलं नव्हतं, पडले असणार, आणि त्यानंतर बसलेच नाहीत सायकलवर. पण रोज तीनला बाहेर काढायची, चिखलातून फिरवून आणायची. घरात मी बघतेय ना.

काठीला नाही म्हणाले आणि ही एवढी मोठी लोखंडी काठी घेऊन हिंडतायत.

बसमधून उतरले नाही. उतरून काय म्हणणार होते? दाढ काढून घेतली आणि आले.

अण्णा साडेपाचला आले. टोपी काढत म्हणाले, "आज वारा समोरून होता. पेडल मारून मारून पाय भरून आले." तोंडात कापूस होता म्हणून मला काही बोलावं लागलं नाही.

लाज वाटतेय. काचेवरचा न दिसणारा चरा मी तीन सेकंदांत शोधते. इथे रोज सकाळी त्याच सीटवर बसत होते आणि स्वतःचे लाड होतायत म्हणून खूश होते. ते ठणठणीत आहेत हे मला हवंच होतं. ठणठणीत माणसाला सोडून जाता येतं. त्यांनी तेवढं पुरवलं, इतकंच.

९ जानेवारी

सगळं तसंच. सीट निळ्या रेघेवर.

११ जानेवारी

जेवताना सहज बोलल्यासारखं म्हटलं, "अण्णा, सीट बरेच दिवस माझ्याच रेघेवर असते."

घास तसाच हातात राहिला. "सांगितलं ना, तुझे हात गारठतात."

मग विचारलं. "तुम्हीही चला ना माझ्याबरोबर." दोन नोव्हेंबरपासून आजपर्यंत हे एकदाही विचारलं नव्हतं. आज कळलं ते.

"कशाला? मला काय झालंय?" आणि मग ताट सारत, "तू कळव त्यांना. उगीच इथे अडकून राहू नकोस. मी काय, सायकल आहे, वाचनालय आहे."

वाचनालय सोमवारपासून दुरुस्तीसाठी बंद आहे. दारावर पाटी आहे, मी बघितलीय. काल-परवा कुठे बसले होते, कुणास ठाऊक.

१३ जानेवारी

रविवार. सकाळपासून गार पाऊस, कुणीच बाहेर पडलं नाही. सायकल जिन्याखाली. अण्णांनी पेपर दोनदा वाचला. संध्याकाळी "जरा खाली जाऊन येतो" म्हणाले, दहा मिनिटांत वर आले. धाप लागली होती. विचारलं नाही.

उद्या सांगायचं.

१४ जानेवारी

सकाळी सहा. सीट तांबड्या रेघेवर!

चाकं कोरडी. खटका नुसता टेकवलेला, आवळलेला नाही, बोटांत तेवढा जोर राहिलेला नाही. बसले असते तर सीटसकट खाली आले असते.

वर खिडकीत अण्णा उभे होते. मी सीट खाली घेतली आणि त्यांना ऐकू जाईल अशी कुरकुरले, "ठेवायची की खाली! हात गारठले माझे."

"माझी सायकल, माझी उंची," म्हणाले, आणि खिडकी लावून घेतली. आवाजात किती समाधान होतं.

साहेबांना सांगितलं, जाते. राहायची जागा कंपनी बघणार आहे, तर दोन खोल्या बघा, तळमजल्यावर. रस्ता सपाट हवा. सायकल घरात घेता येईल एवढं दार हवं. साहेब लिहून घेत होते.

"सायकली किती?"

एकच, म्हटलं. दोघांत.