कोंबड्यांचं भात

प्रिय तुळशीराम,

तुझं पत्र पोचलं. टपालवाल्याने ते बांधावरून ओरडतच आणलं, म्हणून माझ्या हातात पडायच्या आधी अर्ध्या गावाला कळलं की डॉक्टरचं पत्र आलं. तुला डॉक्टर होऊन दोन वर्षं होतील, पण आपल्या शेजारच्या गोदूबाईची आशा काही सुटत नाही. गुडघा धरून लगेच हजर. तिला पुन्हा सांगितलं, बाई गं, हा भाताचा डॉक्टर, तुझ्या गुडघ्याचा न्हाय. तर मला विचारते, मग भाताला काय झालंय? खरं सांगू, मलाही तेच विचारायचं होतं. डॉक्टर झाल्यावर माणूस कामाला लागतो. तू डॉक्टर झाल्यावर आणखी शिकायला विलायतेला गेलास. संपल्यावर सुरू होणारं शिक्षण मी तरी दुसरं पाहिलं नाही.

पत्र मात्र मी तीनदा वाचलं. एकदा तुझ्या बापाला वाचून दाखवलं, दोनदा माझं मला. चौथीत होतास तेव्हा मला पाटीवर अक्षरं गिरवायला बसवायचास आणि चुकले की माझ्याच खराट्याची काडी माझ्या बोटांवर मारायचास. तो मार आज कामाला येतोय. हे पत्र चार दिवस लिहिते आहे. मध्ये दोनदा म्हैस सुटली, एकदा शाई सांडली. तेव्हा मजकूर मागेपुढे झाला तर नावं ठेवू नकोस.

तू पाठवलेलं चित्र चुलीजवळच्या कुडाला खोचलंय. भाताच्या फुलातली एक बारीक खोली, तुझ्या भिंगाखेरीज कुणाला न दिसणारी. तिच्यात चोवीस दोऱ्या. बारा बापाकडच्या, बारा आईकडच्या. पुढचं बी धरायची तयारी झाली की त्या जोडीजोडीने शेजारी उभ्या राहतात, बापाकडची एक, आईकडची एक. गोदूबाईने कागद उलटा धरला आणि म्हणाली, एवढा शिकून पोराने गांडुळं काढली. तुझा बाप नामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसले नाही. मला विचारायचंय. त्या दोऱ्यांना आपली जोडीदार ओळखू कशी येते? चोवीसांच्या गर्दीत कुणी हाक मारतं का? तू लिहितोस की त्यांना रंग दिल्याशिवाय त्या दिसत नाहीत. मग रंग देण्याआधी त्या तिथे आहेत हे पहिल्यांदा कुणाला सुचलं, आणि त्याला लोकांनी वेडा कसा ठरवला नाही? आणि माझ्या अंगात किती दोऱ्या? म्हशीच्या? एकेका प्रश्नाचं नीट उत्तर लिही. आजीला काय कळणार असं मनात आणलंस तर ती काडी अजून माझ्याकडे आहे.

आता तुझ्या रडगाण्याकडे येते. शिमग्याच्या सुमारास मी तुला आपल्या घरच्या राता भाताची पिशवी पाठवली. तू तिथल्या तुझ्या साहेबाला सांगितलंस की हे खारेपाटातलं बियाणं आहे, खारं पाणी सोसतं, आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेलं, अगदी निर्भेळ आहे. काचेच्या घरात तू शंभर रोपं लावलीस. शहाऐंशी आपल्यासारखी आली, लाल दाण्याची, बिनकुसळाची. अकरा आली कुसळाची, दाणा पांढरा. आणि तीन अशी, की कुसळ आहे, दाणा लाल, पण निम्मे दाणे पोचट, आणि त्यांच्या फुलात दोन दोन दोऱ्या जोडीशिवाय बाजूला उभ्या. साहेब म्हणाला, बियाणं निर्भेळ होतं तर पाकिटं तू मिसळलीस. ज्याला पाकिटं सांभाळता येत नाहीत त्याला पुढच्या वर्षी ठेवून काय करायचं, ते तो तिकडचा हिवाळा संपताना ठरवणार. आणि तू काय करणार आहेस? तर म्हणे, अदलाबदल माझ्याच हातून झाली असेल असं लिहून देतो आणि घरी येतो. असेल? झाली की नाही झाली? लहानपणी कोंबडीचं अंडं फुटलं की न फोडताही तूच पुढे यायचास, आजी, माझ्याकडून फुटलं असेल. ती खोड विलायतेला घेऊन गेलास वाटतं. दहा बुकं शिकलास, पण न पाहिलेलं कबूल करू नये एवढं शिकला नाहीस.

कारण ती तीन रोपं मला ठाऊक आहेत.

बांध जिथे उधाणाला पाझरतो, तो खालचा कोपरा आठवतो ना तुला? चार हात रुंद, सगळ्यात खारट. तिथे दरवर्षी कुसळाचं भात उभं असायचं. लहान असताना तू विचारलं होतंस, हे आपलं नाही, मग इथे कसं? मी म्हटलं, ते कोंबड्यांचं. तू ऐकलंस. एवढा चौकस पोरगा, पण कोंबड्यांना त्यातला एक दाणा कधी का पडत नाही हे काही तुला दिसलं नाही.

त्या कोपऱ्याकडे मी फार वर्षं बघते आहे. दुसरं काय करणार, भिंग नाही माझ्याकडे. भात फुलावर आलं की सकाळी न्याहारीनंतर त्याची फुलं घटकाभर उघडतात, मग मिटतात. तेवढ्यात खाडीवरून वारा आला की कोपऱ्यातल्या फुलांची धूळ वरच्या भातावर उडते. त्या वर्षी काही दिसत नाही. पण बियाण्याला लोंब्या त्या कोपऱ्याच्या काठावरच्या निवडल्या तर पुढच्या वर्षी एखाददुसरं मधलं रोप निघतं. कुसळ कोपऱ्याचं, दाणा आपला लाल, आणि निम्मी लोंबी पोचट. बाकीच्या बायका असलं रोप उपटून म्हशीला घालतात. मीही घालायचे. मग वाटलं, याचे जे चार दाणे भरलेत ते पेरले तर? पेरले. त्यांची पोरं एकासारखी एक नाहीत! काही आपल्यासारखी, काही कोपऱ्यासारखी, काही पुन्हा तशीच मधली. एका वर्षी तर एक रोप पांढऱ्या दाण्याचं आणि बिनकुसळाचं आलं, जे ना इकडचं ना तिकडचं. मी त्याच्यापाशी उकिडवी बसून राहिले, तोवर घरी भाकरी करपली. नामाला दाखवलं तर म्हणाला, आये, भातच हाय ते. तुझ्या चित्रातल्या दोऱ्या वाचल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी एकटीच वेडी नव्हते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, मग टपाल नेणारी धरमतरची बोट चुकायला नको. आपल्याकडे नवरी येते तेव्हा ओटीतून माहेरचं मूठभर भात आणते. दुसऱ्या दिवशी सासू बियाणं ठेवायच्या पेंढ्याच्या मुड्याचं तोंड उघडून धरते आणि नवरी आपली मूठ त्यात सोडते. तेव्हापासून ती घरची. तुझी आई, केसर, डोंगराकडची. तिच्या ओटीत कुसळाचं भात निघालं. मी मुडा उघडला नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, आमच्या बियाण्यात काटे नकोत. तिने मूठ पुन्हा ओटीत बांधली. पेरणीला विचारलं, हे कुठे टाकू? मी बोट दाखवलं त्या कोपऱ्याकडे, जिथे गवतही नीट येत नाही. पहिल्या वर्षी वीस रोपं जगली. तिने तेवढंच बी धरलं. दरवर्षी धरत राहिली. तू सहा वर्षांचा असताना ती तापाने गेली, त्या वर्षी मी कोपऱ्यात म्हैस सोडायला गेले आणि म्हैस घेऊन परत आले. का, ते विचारू नकोस. तेव्हापासून एकवीस वर्षं तिचं भात मी पेरते, आणि कुणी विचारलं तर कोंबड्यांचं म्हणून सांगते. तुझी पिशवी शिवायला घेतली तेव्हा मुडा उघडाच होता. मनात आलं, बियाणं परक्या घरी चाललंय, आता तरी तिची मूठ घरच्या भातासोबत या पिशवीत पडू दे. टाकली. घरचे दाणे घेतले तेही काठावरच्या लोंब्यांचे, कारण त्या हाताशी होत्या. तुझी पाकिटं कुणी मिसळली नाहीत, तुळशीराम. ती मूठ माझी आहे. साहेबाला हे पत्र वाचून दाखव, आणि इंग्रजी करताना माझी अक्कल कमी करू नकोस. सोबत यंदाच्या तीन पुरचुंड्या आहेत. पांढऱ्या दोऱ्याची घरच्या भाताची, खाचराच्या मधोमधची, तीत केसरचा वारा नाही. लाल दोऱ्याची तुझ्या आईची. दोन्ही दोरे पिळून बांधलीय ती मधल्यांची, सहा वर्षं मी वेगळी ठेवलेली. पेर आणि नीट बघ. आम्हा दोघींचं कुठे जुळलं नाही ते मला माहीत आहे. चोवीसांतल्या किती जुळतात, ते तू मोजून मला कळव.

तुझीच आजी,
भागुबाई