केसाळ देवांचं पुस्तक

पंचवटी, नाशिक
ता. ९ ऑगस्ट २००४

आदरणीय रंगनाथनाना यांस,

बहिरूचा नमस्कार. वत्सलाकाकूंनाही नमस्कार. पत्र आधी त्याच फोडतील आणि वाचून दाखवताना नको त्या ओळी गाळतील, हे मला ठाऊक आहे. काकू, या खेपेला काही गाळू नका.

इकडे सर्व खुशाल. धाकट्या भावाने मळ्यात झेंडू लावलाय, दसऱ्याला हाती येईल. छापखान्यात शाळेच्या वह्यांचा हंगाम संपला, लग्नपत्रिकांचा अजून लांब आहे. फकिरा मशीनला तेल देतो आणि माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो, असे भाकड दिवस. लाईट रोज दुपारी जाते.

तुम्ही नाशिक रोडची जागा सोडून नांदगावला गावच्या घरी राहायला गेलात, हे मला तुमच्या शेजाऱ्याकडून कळावं? दहा वर्षं माझ्या टेबलाशी बसून देव काढलेत आणि जाताना दारातून हाकही मारली नाहीत. असो. मी भांडायला पत्र लिहीत नाही. भांडायचं असतं तर गाडीत बसून आलो असतो.

आमचा कुंदन अजून तोंड पाडून आहे. तुमचं नाव निघालं की कॉम्प्युटरच्या मागे लपतो. परवा त्याला समोर बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, तू तेव्हा कॉलेजात होतास, तुला काय माहीत.

नाना माझ्याकडे पहिल्यांदा आले ते चौऱ्याण्णव साली, प्रतिभाताईच्या लग्नाची पत्रिका छापायला. नोट प्रेसमधून नुकतेच निवृत्त झालेले. माझ्याकडे तेव्हा एक पायाने चालवायचं मशीन आणि गणपतीचे ठसे, एवढाच संसार. मुलांसाठी देवांची रंगवही काढायचं वेड डोक्यात होतं. कॅलेंडरवरचे देव ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवले होते, आणि मला वाटत होतं की मोठा तीर मारला. नानांनी एक कागद उचलला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "या लक्ष्मीला कोपर नाही. रेघ इथे उघडी राहिलीय. पोरगं रंगवायला लागलं की दंडातला रंग थेट कमळात जाईल."

मी म्हटलं, "मग तुम्हीच काढा."

"मी कोरीव कामातला माणूस. माझी रेघ बघायला भिंग लागतं."

तेही खोटं नव्हतं. तुमची पहिली सरस्वती आठवते ना? तिच्या केसांत मुंगी शिरली असती तर वाट चुकली असती. फकिराच्या पोराने खडू हातात घेतला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "यात रंगवायचं कुठं? समदं भरलेलंच हाय की."

दुसरा कुणी असता तर कागद गुंडाळून घरी गेला असता. तुम्ही त्या पोराच्या शेजारी फरशीवर बसलात. त्याचा हात किती हलतो, खडू किती जाड उमटतो, वळणावर तो कुठे घसरतो, ते बघत राहिलात. मग पुढल्या आठवड्यात जाड रेघेची सरस्वती घेऊन आलात. कुंदनला मी हेच सांगितलं. कुणाला नक्कल करता येऊ नये अशी रेघ ज्याने जन्मभर नोटांसाठी कोरली, तो माणूस साठीला टेकल्यावर फकिराच्या पोराला झेपेल अशी रेघ शिकायला बसला. मी फुलांच्या पाट्या वाहिल्यात, रद्दी विकलीय, नाना प्रकारची माणसं पाहिलीत. हे फक्त तुमच्यात पाहिलं.

आणि देवांचे डोळे. डोळा आखायचा, आत बुबुळ काढायचं नाही. फकिराने तेव्हाच टोमणा मारला होता, "शेठ, देव आंधळे छापायचे का?" तुम्ही म्हणालात, "प्रेसमध्ये जन्मभर बुबुळं मी भरली. इथे पोराने भरू दे. देवाने कुणाकडे बघायचं, ते त्याने ठरवावं."

हे कुंदनला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे गंगापूर रोडच्या एक बाई पुस्तकांच्या दुकानात जाऊन ओरडल्या, "तुमचं पुस्तक सदोष आहे, एकाही देवाला बुबुळ नाही," तेव्हा त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे केलं. कॉम्प्युटरवर एक बुबुळ काढलं आणि तेच उचलून सगळ्या देवांना बसवलं. अख्खी आवृत्ती छापून झाली. सगळे देव पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे समोर बघतायत. रावणाची दहाही तोंडं एकाच ठिकाणी बघतात! त्यावर पोराचा उत्साह असा, की तुम्ही आलात तेव्हा म्हणतो, "नाना, बघा, सगळ्यांना दृष्टी दिली."

तुम्ही पुस्तक चाळलंत. चहा घेतलात. म्हणालात, "छान. आता तुमच्या देवांना दिसतं. माझं काम संपलं." आणि उठलात. फकिरा मागून म्हणाला, "म्हाताऱ्याला लय लागलं बघा." कुंदनने तेच धरून ठेवलंय. मी त्याला काही बोललो नाही.

ती आवृत्ती मी बाजारात धाडली नाही. नवी छापली, रिकाम्या डोळ्यांची. तीच घेऊन गेल्या रविवारी गंगापूर रोडला एका हॉलमध्ये मुलांची रंगवायची स्पर्धा ठेवली होती. तुम्ही असायला हवे होतात. एका मुलाने शंकर हिरवागार केला. त्याची आई मागून, "अरे निळा, निळा! हिरवा असतो का शंकर?" तर तो मान वर न करता म्हणतो, "विष प्यायलाय ना? त्याला उलटी येतेय." एका मुलीने कृष्णाची बुबुळं पार कोपऱ्यात काढली. मी विचारलं, हा कुठे बघतोय? म्हणाली, "आई येतेय का ते बघतोय." आणि दुकानात ओरडलेल्या त्याच बाई, पोराच्या हातातून पेन्सिल घेऊन स्वतः सीतेचे डोळे भरत बसल्या होत्या. पोरगं रडत होतं, "माझं आहे ते, माझं आहे."

आता कामाचं. दिवाळीच्या सुट्टीसाठी नवं पुस्तक काढायचंय. आमचे सटाण्याचे एजंट म्हणतात, यंदा बाजारात केसाळ देवांना उठाव आहे. हसू नका. मी यादीच करून टाकली. मारुती, अंगावर भरपूर केस असलेला. जटा सोडलेला शंकर. आयाळवाला नरसिंह. खंडोबा, पण घोड्याच्या मानेवरचे केस उडताना. औदुंबराखाली दत्त, पानं दाट, कुत्रीही केसाळ. कालिया आणि डोहातलं पाणी. मगरीवर बसलेली गंगा, भोवती लाटाच लाटा. वणीची देवी डोंगरासकट, डोंगरावर गवत.

बालाजी नको. गणपती नको, त्याचं पोट फार गुळगुळीत. लक्ष्मीचं कमळ, विष्णूचं चक्र, असलं कंपासने काढल्यासारखं काही नको. लोकांना कंटाळा आलाय त्याचा.

कागद हवा तेवढा मोठा घ्या. दाराएवढा घेतलात तरी चालेल, लहान करायचं काम मशीनचं. उत्तराची घाई नाही. पण पोस्टमन दिसला की मी खुर्चीतून उठतो, एवढं लक्षात असू द्या.

आपला,
बहिरू



पंचवटी, नाशिक
ता. ४ ऑक्टोबर २००४

आदरणीय नाना,

बहिरूचा नमस्कार.

गुंडाळी परवा मिळाली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. काकूंनी सुतळीची गाठ अशी मारली होती की फकिराला दात लावावे लागले. आत एकच चित्र. मारुती, द्रोणागिरी घेऊन उडणारा.

मी ते टेबलावर पसरलं आणि किती वेळ बघत होतो, ते सांगत नाही. कुंदन मागे येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "पप्पा, रेघ हललीय. कॉम्प्युटरवर सरळ करून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

नाना, पोरगं वाईट नाही. मदत म्हणूनच म्हणाला. पण एकदा त्याने मदत केली तेव्हा रावण काय झाला ते आपण पाहिलंय. मी म्हटलं, "हात लावू नकोस. तेजूला हाक मार."

तेजस्विनी, त्याची मुलगी. यंदा पहिलीत आहे. तिच्यापुढे चित्राची झेरॉक्स ठेवली आणि खडू दिले. बाकी कुणी काही बोलायचं नाही, अशी ताकीद. ती पोटावर पडून बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, याला केवढा वारा लागतोय!"

कुंदनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"कशावरून गं?" मी विचारलं.

"हे काय, सगळे केस हलतायत ना. शेपूट पण. डोंगरावरची झाडं पण हलतायत. जोरात चाललाय तो." मग तिने बुबुळं काढली, दोन्ही खाली बघणारी. "आपलं घर दिसतंय त्याला वरून," म्हणाली.

नंतर कुंदन जुनी रंगवही घेऊन आला, सत्त्याण्णवची, त्यातला तुमचा मारुती काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. जुना सुबक आहे, नाना, त्यात शंका नाही. पण तो उभा आहे. हा उडतो. कुंदन म्हणाला, "मी हे सरळ केलं असतं, पप्पा." आणि बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसत बसला. तुमची माफी मागायला तो नांदगावला येणार आहे. आला की त्याला फार छळू नका, थोडं छळा.

आता जे मागच्या पत्रात लिहायचं टाळलं ते लिहितो. काकू, हे नीट वाचून दाखवा.

तुम्ही त्या दिवशी रागावला नव्हतात. फकिराला वाटलं, कुंदनला वाटलं. तुम्ही वाटू दिलंत. माझं नाव बहिरू, पण कानाच्या बाबतीत आईबापांचा अंदाज चुकला, हे तुम्हीच म्हणायचात. मशीनचा एक दात झिजला तरी मला शेजारच्या गल्लीत कळतं. त्या दुपारी लाईट गेली होती, मशीन बंद होतं. एरवी ऐकू आलं नसतं. तुम्ही कप उचललात आणि बशी किणकिणायला लागली. थांबेचना. तुम्ही दुसरा हात तिच्यावर ठेवलात, मग दोन्ही हातांखाली ती बारीक वाजत राहिली. रागावलेला माणूस कप आपटतो, नाना. तुमचा हात थरथरत होता. कुंदनच्या चुकीचं निमित्त तुम्हाला आयतं सापडलं, आणि ते धरून तुम्ही उठून गेलात, कारण ज्या हाताची रेघ कधी हलली नाही, तो हात हललेला कुणी पाहू नये.

मला ते तिथल्या तिथे बोलता आलं असतं. पण तुमच्यासारख्याला असं तोंडावर बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला फुलबाजारातच आली. म्हणून केसाळ देवांची टूम काढली. सटाण्याचा एजंट वगैरे काही नाही. तुम्ही ओळखलंच असेल. गुंडाळीतून चिठ्ठी न पाठवणारा माणूस सगळं ओळखतो. तरीही तुम्ही मारुती काढलात, आणि तो तुमच्या आजच्या हाताने काढलात, कालच्या हाताचं सोंग केलं नाहीत. माझ्या मनात तुमच्याबद्दल आधीच फार होतं. आता ते ठेवायला जागा नाही.

एक गोष्ट सारखी मनात येते. फकिराच्या पोराचा हात हलायचा म्हणून तुम्ही रेघ बदललीत. त्याला कधी म्हणाला नाहीत, की हात स्थिर कर आणि मग ये. मग स्वतःला का म्हणता?

बुबुळाची तर काळजीच नाही. ते एक काम बारीक, नेमकं, स्थिर हाताचं. आणि ते तुम्ही दहा वर्षांपूर्वीच पोरांकडे देऊन मोकळे झालात.

मारुती पुस्तकाच्या पहिल्या पानावर जाईल. बाकीच्या पानांना मी दुसऱ्या कुणाचे देव लावणार नाही. दिवाळीला जमलं नाही तर होळीला काढू, होळीला नाही तर पुढच्या दिवाळीला. आणि एकट्या मारुतीवरच थांबलात, तर एका पानाचं पुस्तक काढीन. लोक हसतील, हसू देत.

पण जमलं तर स्वतः घेऊन या. तुमची खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर फकिरा डबा ठेवतो, तेवढा उचलायला लावतो. चहा पितळी पेल्यात देईन, बशी नाही. लाईट जाण्याच्या आत या. मी मशीन चालू ठेवीन.

तुमचा,
बहिरू