सृष्टीचं लॉगबुक, खाली माझी सही

३ जून, सकाळी ६.१०
सृष्टीला प्रोबेशनवर टाकलं आहे. एमडीचं दुसरं वर्ष. कारणं: लॉगबुक अपुरं, राउंडला प्रश्न विचारला की गप्प. तीन महिन्यांत सुधारणा नाही तर टर्म जाणार. एकतीस वर्षं शाळा सांभाळली, त्यात दहा मुख्याध्यापिका म्हणून. स्वतःची एक मुलगी सांभाळणं अवघड नाही. वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. ती वाचून काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

५ जून
वेळापत्रक कोलमडलं. दोष तिच्या ड्यूटीचा. छत्तीस तासांनी घरी कोथरूडला पोचली, बुटांसकट सोफ्यावर आडवी. उठवून विचारलं, आज काय शिकलीस. म्हणाली, उभ्याने झोपायला. विनोदबुद्धी शाबूत आहे. चांगलं लक्षण.

१४ जून
लॉगबुक पाहिलं. रोज एक पेशंट, त्यातून काय शिकले ते दहा ओळींत, खाली गाइडची सही. नऊ पानं कोरी. ती अर्धवट झोपेत सांगते, मी लिहिते.

२१ जून
आता ती सांगत नाही. तरी मी लिहिते. संवाद, सहानुभूती, वेळेचं नियोजन. कुठल्याही पेशंटला चालतं.

२ जुलै
गाइड रविराज सरांचा शेरा: समाधानकारक. पद्धत लागतेय. मात्र पानावर पालकांच्या सहीला जागाच नाही! पट्टीने रकाना आखला, एकूण एक पानावर सही केली. सृष्टीला सांगायचं राहिलं.

४ जुलै
सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वॉर्डातल्या सतरा नंबर कॉटवरच्या आजींबद्दल विचारलं. सृष्टीने नाव सांगितलं, हिराबाई. हडपसरच्या. गोळ्या अर्ध्या करून खातात, सुनेला कळू नये म्हणून. सर म्हणाले, मग हे लॉगबुकात का नाही? हिने सांगितलं, ते आईने लिहिलंय.
मला हे काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. ती दमलेली असते.
प्रोबेशन तीन महिने वाढलं. शिवाय हॉस्टेलवर राहायचं.

५ जुलै
सरांना फोन केला. शांतपणे बाजू मांडली. म्हणाले, मॅडम, आपण रिटायर झालात ना? मग व्हा की.
उद्धट माणूस.

१९ जुलै, रविवार
हॉस्टेलवर डबा घेऊन गेले. सृष्टी गेटवर आली. बरी दिसली. आठवड्यात दोनदा राउंडला उत्तर दिलं म्हणाली. म्हटलं, लॉगबुक दाखव, नुसतं बघते. म्हणाली, पेशंटची माहिती असते, बाहेरच्यांना दाखवत नाही.
नियम बरोबर आहे.
डबा घेतला तिने.