मोठ्यानं वाचलेला पत्ता

प्रिय टिंबू,

परवा फोनवर मी नीट बोललो नाही, म्हणून हे कागदावर लिहितोय. आई याचा फोटो काढून तुला पाठवेल, म्हणजे सोमवारच्या मीटिंगआधी तुझ्या वाचनात येईल.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची मी रंगवलेली पाटी परवाच उतरवून आणली. आठवडाभर ती दवाखान्यावर दिमाखात झळकत होती. तू मेसेजमध्ये दवाखान्याच्या वेबसाइटचा पत्ता पाठवलास तो मी जसाच्या तसा उतरवला. आधी एक फुली, मग एक कमान, दोन आडव्या रेघा आणि पुढे भलीमोठी सरमिसळ. निळी अक्षरं, सोनेरी कड. एका पेशंटनं म्हणे आत येऊन विचारलं, हे भूल द्यायचं नवीन औषध का? बाई परगावाहून परतल्या आणि पाटी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

तू समजावून सांगितलंस ते मला पटलं. पत्ता आपल्याच लिपीतला, पण यंत्रं आपापसात बोलताना त्याचं असं इंग्रजी अक्षरांचं रूप करतात, आणि कॉपी करून पाठवलं की कधीकधी तेच बाहेर पडतं. चूक माझीच, म्हणालीस. मग तुझा आवाज उतरला. इंटरनेटवरचे कितीतरी फॉर्म हे पत्ते घेतच नाहीत, चुकीचा पत्ता म्हणून परतवून लावतात, आणि आता तर घरच्याच पाटीवर घोटाळा झाला. तुझे साहेब म्हणतात, तू ज्या चाळीस दुकानदारांना आपल्या लिपीतले असे पत्ते दिलेस, ते सगळे बंद करा आणि इंग्रजी द्या. सोमवारी मी हो म्हणून टाकते, म्हणालीस. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

तुझं टिंबू हे नाव कशावरून पडलं, आठवतं? पाच वर्षांची होतीस. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून माझ्या पाट्यांवरचे अनुस्वार तू भरायचीस. एकही टिंब कधी ओघळलं नाही. पुढे तू कॉम्प्युटरकडे वळलीस तेव्हा मी दोन वर्षं धड बोललो नाही. पोरगी अक्षरं सोडून गेली, असं सगळ्यांना सांगत सुटलो. चुकलो मी. जिथं आपल्या अक्षरांना कोणी दारात उभं करत नव्हतं, तिथं तू त्यांना घेऊन गेलीस. मला याचा अभिमान वाटतो, पण हे तुला सांगायला मला चुकीची पाटी रंगवावी लागली.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा शिंपीकाकूंच्या दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता आपल्या लिपीत चिठ्ठीवर लिहून दिलास, फोन माझ्या हातात ठेवलास आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलीस. मदत करायची नाही, माणूस कुठं अडतो ते फक्त बघायचं, ही तुमच्या कामाची रीत. मी पत्त्यातल्या टिंबापाशी अडलो. कीबोर्डवर टिंबाच्या जागी दिसणारी उभी रेघ देत राहिलो, फोन काही ऐकेना. तू हात बाहेर काढले नाहीस. तुझी आई तिथं असती तर तिनं फोन कधीच हिसकावून घेतला असता. शेवटी ते टिंब मला सापडलं आणि काकूंचं दुकान समोर उघडलं. मी नुसतं बरं आहे म्हणालो आणि ब्रश धुवायला निघून गेलो. तू हिरमुसलीस, ते मला दिसलं होतं. पण मी का पळालो, ते तुला सांगायची हिंमत नव्हती.

फोनवर तू विचारलंस, "बाबा, रंगवताना तुम्हाला काहीच विचित्र वाटलं नाही?" मी म्हटलं, नवीन पद्धत असेल. खोटं बोललो. टिंबू, मला इंग्रजी वाचता येत नाही. चाळीस वर्षं मी ती अक्षरं चौकटी आखून, चित्रासारखी उतरवतोय. पाटी झाली की गिऱ्हाइकाला समोर उभं करायचं आणि म्हणायचं, मोठ्यानं वाचा, चूक नको राहायला. लोक म्हणायचे, केवढा काटेकोर माणूस! डॉक्टरीणबाई गावाला गेल्या होत्या, म्हणून या वेळी वाचणारं कोणी नव्हतं, एवढंच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं.

म्हणून हे पत्र. सोमवारी हो म्हणू नकोस. फॉर्म अडतील, कीबोर्ड छळतील, त्यांच्याशी तू भांड. तुझ्याइतकं चिकाटीनं कोण भांडेल? साहेबांना खुशाल सांग, की माझ्या बापानं चाळीस वर्षं पत्ते रंगवले आणि स्वतः वाचून एकच उघडला, तो मी दिलेला. आज सकाळी डॉक्टरीणबाईंची पाटी आपल्या लिपीत पुन्हा रंगवून लावली. बाई मोठ्यानं वाचायला पुढे झाल्या. मी त्यांना थांबवलं, आणि रस्त्यावर उभं राहून मीच वाचली.

तुझाच,
बाबा