भोंगा वाजला का

अकोला, १९५८

दादा,

कापसाच्या जिन कारखान्यातल्या आगीतून मी वाचली, पण भोंगा वाजला का अजूनही हातपाय कापतात, आताच मरतो असं वाटते. डॉक्टर म्हणाला, "काळीज चांगलं आहे. भोंगा ऐकला की तुझ्या डोक्याला वाटतं, पुन्हा आग लागली."

बुद्धाच्या दीक्षेनंतर तू माह्या सासरची देवी नदीत सोडली. सासू म्हणते, तेच देवी माह्या अंगात येऊन राहिली. काल मी कापाले लागली, तशी तिनं हात जोडले, "माय, काय पाहिजे तुले?"

भेवानं मी बोलून गेली, "इले जिनात धाडू नका."

सासू लगेच पाया पडली. आता नवी देवी आणाले बाजारात गेली. तुले हे कळवाची हिंमत होत नव्हती, दादा.

'जिनात धाडू नका', हेच मी महिनाभर माह्या तोंडानं म्हणत होती.

तुही मैना