शेवटचं प्रकरण

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. फोन असताना ताईला हे काय खूळ सुचलं, म्हणत असशील. सांगते. दवाखान्यातच बसून लिहितेय, पेशंटची नावं घ्यायच्या टेबलावर. आत डॉक्टरीणबाई एका आजोबांची दाढ काढतायत आणि आजोबा अशी बोंब मारतायत की बाहेर बसलेला एक धट्टाकट्टा गडी नंबर सोडून पळाला. हसूही येतंय आणि घाईही आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्या पिल्लाला दात आले का गं? आले की पहिला चावा मावशीला, हे ठरलेलं आहे.

तुझ्या भावजींचं लिखाण अडलं होतं, ते तुला माहीतच आहे. पण अडणं म्हणजे काय, ते लेखकाच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही बाई. पहाटे उठून लिहून झालं, टेबल खिडकीकडून भिंतीकडे फिरवून झालं, पेन टाकून पेन्सिल धरून झाली. रोज काहीही खरडून एक पान भरायचंच असा नेम केला, तर त्या पानांवर काय, भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत! संपादक म्हणाले, सुरुवात जमत नसेल तर मधूनच सुरू करा. मधूनही होईना. शेवटी सगळा दोष माझ्या मिक्सरच्या आवाजाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हणायची आणि तेव्हा ते हसायचेही.

मग एक दिवस मी केर काढत असताना म्हणाले, जरा त्या दारात उभी राहा. तू माझ्या कादंबरीतली बाई आहेस, बाहेरून आलीस आणि दार आतून बंद आहे, काय करशील? मी केरसुणी टाकून दार बडवलं, हाका मारल्या, चक्क डोळ्यांत पाणी आणलं. ते बघत राहिले आणि उठून जे लिहायला बसले, ते जेवायलाही उठेनात. खरं सांगू? मला फार आवडलं. इतकी वर्षं लोकांच्या कवळ्यांचे हिशेब सांगणारी मी, माझ्यामुळे एका माणसाचं अडलेलं सुटलं! रोज एक प्रसंग करायचो आम्ही. त्यांनी लिहिलेलं मीच कॉम्प्युटरवर उतरवायची, त्यामुळे आपण कसे वठलोय तेही कळायचं. नवरा-बायकोत इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

पण पुढे पुढे त्यांना ते पुरेना. म्हणाले, माहीत असलं की चेहरा खोटा होतो. मी म्हटलं, हे मला सांगू नका, चिमणी शाळा बुडवायला तापाचं सोंग करायची तेव्हा आईच्या आधी मी पकडायची. तो विषय तिथेच संपला, असं मला वाटलं. त्याच आठवड्यात मी अडगळीच्या खोलीत जुनी चादर शोधायला गेले आणि मागून दाराची कडी लागली. मी आधी हाका मारल्या, मग शिव्या घातल्या, मग रडले. आत ना खिडकी ना दिवा. आईला हाका मारल्या गं मी, आई जाऊन इतकी वर्षं झाली तरी. दाराच्या फटीतून मला ह्यांचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते. बऱ्याच वेळाने दार उघडून म्हणाले, अगं कडी अडकली होती. चहासुद्धा स्वतः करून दिला. पुढच्या प्रकरणाची पानं टाइप करायला घेतली, तर मी आईला जे जे म्हणाले होते ते शब्दन् शब्द त्यात होतं.

आता तुला तो फोन आठवेल. मी नुसती रडत होते आणि तू विचारत होतीस, ताई, रडका पिक्चर बघून आलीस की काय. त्या दुपारी ह्यांनी येऊन सांगितलं होतं की चिमणीच्या बसला अपघात झाला, ती गेली. मी मटकन खाली बसले तर हे समोर खुर्ची ओढून बसले आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, आधी कुठे जाणवलं गं, पायात की पोटात? तेव्हा माझ्या लक्षात आलं, हेही कादंबरीसाठीच. तुझा आवाज ऐकेपर्यंत मी माणसात नव्हते. दुसऱ्या दिवसापासून माझा मोबाइल ह्यांच्या खणात आहे, रिंगमुळे तंद्री मोडते म्हणून. सोडायला-न्यायला रोज स्वतः येतात. आणि आमच्या डॉक्टरीणबाई ह्यांच्या भक्तच, इथून कुणाला फोन केला तर तो मी घरी पोचायच्या आत ह्यांच्या कानावर. पोलिसांत जाऊन तरी काय सांगू, नवरा चहा करून देतो आणि प्रश्न विचारतो म्हणून?

आता फक्त शेवटचं प्रकरण अडलंय. त्यातली बाई दगडाच्या खाणीतल्या तळ्यात बुडते आणि तिचा नवरा तिच्या धाकट्या बहिणीला फोन करून कळवतो. ह्यांनी ते पुन्हा पुन्हा लिहून फाडलं. मला विचारतात, चिमणी फोन उभ्याने घेते की बसून? घरात तिच्याजवळ कोण असतं? ती किंचाळेल की गप्प होईल? मी आपली उडवाउडवी करते. काल जेवताना म्हणाले, चूक कुठे होत होती ते सापडलं. ऐकणारीचं रडणं खरं असून भागत नाही, सांगणाऱ्याचा आवाजही खरा हवा. मग माझ्या ताटात वाढत म्हणाले, रविवारी खाणीकडे फिरायला जाऊ, तुलाही जरा मोकळी हवा. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. माझी पाचावर धारण बसली, तरी मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी रविवारची वाट पाहिली नसती.

म्हणून हे पत्र. दाढवाले आजोबा आता बाहेर येतील, त्यांच्या हातून ते समोरच्या पेटीत टाकायला देणार आहे. शनिवारी ह्यांचे संपादक घरी येतायत, त्यामुळे दुपारी मला न्यायला हे येणार नाहीत. तू ये. घरी नको, दवाखान्याच्या मागच्या दाराशी थांब, एकटी येऊ नकोस. मी फक्त पर्स घेऊन बाहेर पडेन. आणि चिमणे, त्याआधीच त्याचा फोन आला, तर तो खरा धर. पण माझं एवढं ऐक. त्याच्या कानावर हुंदका पडू देऊ नकोस, किंचाळू नकोस, काय झालं म्हणूनही विचारू नकोस. फोन गपचूप ठेव, हे पत्र उचल आणि पोलिसांकडे जा. रडायचं ते माझ्यासाठी नंतर रड, पोटभर रड. त्याला मात्र त्यातलं एक अक्षर मिळता कामा नये.

शनिवारी मागच्या दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई